‘ग़ैर’ आणि ‘ग़ैरत’ : मेडिआ व ऑथेल्लो यांच्या निमित्ताने

उर्दू गझलेत प्रेमिकाला दोघांचा त्रास असतो. एक ‘रक़ीब’, म्हणजे प्रेमातला प्रतिस्पर्धी, आणि दुसरा ‘ग़ैर’, म्हणजे परका. पुष्कळदा हे दोघे एकच असतात. वर्गात गझल शिकवताना हा शब्द मुद्दाम समजावून द्यावा लागतो, कारण मुले त्याचा अर्थ नुसता ‘अनोळखी’ असा घेतात. ‘ग़ैर’ आणि ‘ग़ैरत’ हे दोन्ही शब्द अरबीतल्या एकाच धातूचे. अरबीत ‘ग़ैरत’ म्हणजे मत्सर, आपल्या माणसावर दुसऱ्याचा हक्क सहन न होणे. उर्दूत त्याच शब्दाला अब्रू, स्वाभिमान हा अर्थ आला. मराठीत तर ‘गैर’ आणखी पुढे गेला. ‘त्यात काय गैर आहे?’ असे आपण विचारतो तेव्हा त्याचा अर्थ अनुचित असा असतो. परका, मत्सर, अब्रू आणि चूक हे सारे एकाच शब्दकुळात नांदतात.

हा गुंता समजून घ्यायचा तर पाश्चात्त्य रंगभूमीवरील दोन शोकांतिका शेजारीशेजारी ठेवून वाचाव्यात. पहिली युरिपिडीसची ‘मेडिआ’, जी इ. स. पू. ४३१ मध्ये अथेन्समध्ये झाली. दुसरी शेक्सपिअरची ‘ऑथेल्लो’, जिच्या १६०४ मधील दरबारी प्रयोगाची नोंद आहे. दोन्हींत प्रेम आहे, मत्सर आहे आणि शेवटी आपल्याच माणसांचे खून आहेत. आणि दोन्हींत खून करणारी व्यक्ती त्या गावची नाही.

मेडिआ कोल्चिसची, म्हणजे काळ्या समुद्राच्या पूर्व टोकाची. जेसन सोनेरी लोकर न्यायला आला तेव्हा ती त्याच्या प्रेमात पडली. त्याच्यासाठी तिने बापाला फसवले, भावाला मारले, देश सोडला. नाटक सुरू होते तेव्हा दोघे कोरिंथमध्ये आश्रित आहेत आणि जेसनने राजा क्रेऑनच्या मुलीशी लग्न केले आहे. मेडिआ कोरिंथच्या स्त्रियांपुढे येऊन बोलते ते फार विचारपूर्वक. परक्याने गावाच्या रीतीने वागले पाहिजे, हे ती आधीच मान्य करते. मग म्हणते की, तुम्हांला हे शहर आहे, माहेर आहे, मैत्रिणी आहेत. मला आई नाही, भाऊ नाही, परतायला देश नाही. नवरा गेला म्हणजे तिच्यापुरते गावच गेले. तिच्या मत्सराला ही बाजू आहे, हे विसरून तिच्याविषयी बोलता येत नाही.

जेसनचे उत्तर याहून महत्त्वाचे आहे. तो म्हणतो की, तुला रानटी मुलखातून मी ग्रीसमध्ये आणले, इथे तुला कायदा आणि न्याय म्हणजे काय ते कळले. म्हणजे उपकार त्याचे! या लग्नाने आपल्या मुलांना राजघराण्याचा आधार मिळेल, असाही त्याचा युक्तिवाद आहे. अथेन्सच्या प्रेक्षकांना तो नवा वाटला नसणार. पेरिक्लीसने इ. स. पू. ४५१ मध्ये केलेल्या कायद्याने आईबाप दोघेही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक ठरत असे. परक्या बाईच्या पोटी झालेल्या मुलांचे काय होते, हे त्यांना ठाऊक होते. नाटक कोरिंथमध्ये घडते, पण दुखणे अथेन्सचेही आहे. त्या वर्षीच्या स्पर्धेत युरिपिडीसचा क्रमांक तिसरा, म्हणजे शेवटचा लागला.

आता ऑथेल्लोकडे येऊ. शेक्सपिअरने ही कथा चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ मधील संग्रहातून घेतली. त्या मूळ कथेत मूर सेनापतीला नावच नाही, तो फक्त ‘मूर’ आहे. शेक्सपिअरने त्याला नाव दिले, तरी ‘व्हेनिसचा मूर’ हे शब्द शीर्षकात राहिलेच. ऑथेल्लो ख्रिस्ती झालेला आहे, व्हेनिसचा सेनापती आहे, सायप्रसवर चालून येणाऱ्या तुर्कांशी लढायला पाठवलेला आहे. डेस्डिमोनाचा बाप ब्रॅबॅन्शिओ त्याला घरी बोलावून त्याच्या पराक्रमाच्या हकिगती आवडीने ऐकत असे. पण मुलीने त्याच्याशी लग्न करताच हाच बाप म्हणतो की, याने जादूटोणा केला, औषध घातले. आपल्याकडच्या भाषेत, ‘फूस लावली’. लढाईला चालणारा माणूस जावई म्हणून चालत नाही. हे बोल चारशे वर्षांपूर्वीचे असले, तरी आपल्या वाचकांना त्यांचा वेगळा अर्थ सांगायला नको.

ऑथेल्लोच्या मनात संशय कसा शिरतो, ते पाहण्यासारखे आहे. तिसऱ्या अंकात यागोचे मुख्य हत्यार रुमाल नाही, रुमाल नंतर येतो. आधी तो म्हणतो की, आमच्या व्हेनिसच्या बायकांची रीत मला माहीत आहे. हे ‘आमच्या’ फार विषारी आहे. आपली बायको आपल्यापेक्षा या गावकऱ्याला जास्त कळते, असे ऑथेल्लो मानून बसतो. मग यागो पुढची पायरी गाठतो. तिने आपल्या देशाची, आपल्या रंगाची स्थळे नाकारून तुला निवडले, हेच मुळी अस्वाभाविक नव्हे काय? आणि थोड्या वेळाने ऑथेल्लो स्वतःच बोलतो की, मी काळा आहे, मला दरबारी गोड बोलणे येत नाही, म्हणून ती दुरावली असेल. गावाने त्याच्याविषयी जे म्हटले, ते त्याने खरे मानले. डेस्डिमोनाचे प्रेम खरे असूनही त्याला ते खरे वाटेनासे होते, कारण आपण प्रेमाला पात्र आहोत यावरच त्याचा विश्वास उरत नाही.

इथे दोन नाटकांतला फरक लक्षात घेतला पाहिजे. मेडिआचा संशय खरा आहे; जेसनने खरोखर दगा दिला आहे. ऑथेल्लोचा संशय खोटा आहे. डेस्डिमोना निर्दोष आहे. तरी दोघांचा शेवट खुनातच होतो. तेव्हा मत्सर खरा की खोटा, हा प्रश्न या नाटकांत दुय्यम ठरतो. ज्याने आपले सारे एकाच माणसावर लावले आहे, ज्याला मागे फिरायला जागा नाही, त्याच्या मत्सरात बायको किंवा नवरा एवढाच प्रश्न नसतो. आपण इथले आहोत की नाही, हाही प्रश्न असतो.

समीक्षकांनी मात्र पुष्कळदा सोपा रस्ता धरला. थॉमस रायमर या इंग्रज समीक्षकाने १६९३ मध्ये ‘ऑथेल्लो’ची थट्टा करताना तात्पर्य काढले की, कुलीन मुलींनी आईबापांच्या संमतीवाचून काळ्या माणसाबरोबर पळून जाऊ नये! जेसनही शेवटी हेच म्हणतो की, कुठल्याही ग्रीक बाईने असे केले नसते. जातीचा स्वभाव म्हटले की आपण काय केले, याचा हिशेब द्यावा लागत नाही. मराठीत महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये ‘ऑथेल्लो’चे भाषांतर केले, देवलांनी १८९० मध्ये त्याचे ‘झुंझारराव’ असे रूपांतर केले. देवलांचे नाटक मराठी रंगभूमीचे भूषण आहे. पण नायकाला अस्सल मराठी नाव मिळताच शीर्षकातून मूर नाहीसा झाला. आपल्याकडे या नाटकाकडे संशयी नवऱ्याची गोष्ट म्हणून पाहणे त्यामुळे सोपे झाले.

पण याच्या उलट टोकालाही जाता कामा नये. परका आहे, अन्याय झाला आहे, म्हणून सारे माफ, असे दोन्ही नाटककार म्हणत नाहीत. मेडिआच्या दोन मुलांना युरिपिडीसने नावेही दिलेली नाहीत. दारामागून फक्त त्यांचा आक्रोश ऐकू येतो. कोरिंथच्या ज्या स्त्रिया तिच्या बाजूने गप्प राहिल्या, त्याच तिला मुलांना हात लावू नको म्हणून विनवतात. डेस्डिमोनाच्या प्रेताशेजारी उभी राहून खरे बोलते ती यागोची बायको एमिलिया, आणि तेवढ्यासाठी नवऱ्याच्या हातून मरते. ‘ग़ैरत’च्या नावाखाली बाईचा जीव घेणाऱ्याला आपल्या समाजातही कैवारी मिळतात. अशांनी एमिलियाचे बोल लक्ष देऊन ऐकावेत.

ऑथेल्लोचे शेवटचे बोलणे मुसलमान वाचकाला थांबवून ठेवते. तो सांगतो की, अलेप्पोमध्ये एका पागोटेवाल्या तुर्काने व्हेनिसच्या माणसाला मारले आणि व्हेनिसची निंदा केली, तेव्हा मी त्याचा गळा धरून त्याला असे भोसकले. एवढे बोलून तो स्वतःलाच भोसकतो. व्हेनिसचा शिपाई तोच आणि तुर्कही तोच. आयुष्यभर निष्ठेचा पुरावा देत आलेला माणूस शेवटचा पुरावाही स्वतःला शत्रू ठरवूनच देतो. मेडिआ सूर्याच्या रथात बसून अथेन्सकडे निघून जाते. तिथल्या राजाने तिला आसरा कबूल केला आहे. म्हणजे ज्या शहरात हे नाटक चालले होते, तिथेच ती येणार होती. तिच्याशी आता कसे वागायचे, हा प्रश्न युरिपिडीसने समोर बसलेल्या प्रेक्षकांवर सोपवला.