रिकाम्या भिंतींचे सौंदर्यशास्त्र

घर कसे सजवावे, हा प्रश्न आपल्या चळवळीला किरकोळ वाटतो. पण अभिरुचीचा प्रश्न कधीच किरकोळ नसतो. काय सुंदर आणि काय गावंढळ हे ठरवण्याचा अधिकार या देशात नेहमी मूठभरांकडेच राहिला. पांढऱ्या भिंती, मोकळी फरशी, मोजके सामान, अशी ‘मिनिमलिस्ट’ सजावट आज शहरी मध्यमवर्गात सुसंस्कृतपणाची खूण ठरते आहे. आपल्यातला नोकरदार वर्गही तिकडे वळतो आहे. म्हणून तिची तपासणी झाली पाहिजे.

या विचाराचा एक महत्त्वाचा उगम व्हिएन्नाचा वास्तुरचनाकार आडोल्फ लोस याच्या ‘अलंकार आणि गुन्हा’ या निबंधात सापडतो. १९१०च्या सुमारास त्याने हा विचार व्याख्यानातून मांडला. उपयोगी वस्तूंवरची नक्षी गळून पडणे म्हणजे संस्कृतीची प्रगती, असे त्याचे प्रतिपादन. त्यासाठी तो अंग गोंदवणारा पापुआचा माणूस प्रगतीच्या खालच्या पायरीवर उभा करतो. म्हणजे साधेपणाच्या या तत्त्वज्ञानातही उतरंड आहेच! नक्षीकामात कारागिराचे श्रम वाया जातात, हा त्याचा दुसरा मुद्दा मात्र विचारात घेण्याजोगा आहे. पण त्याच लोसने १९३०मध्ये प्रागला पूर्ण केलेल्या म्युलर निवासाच्या दिवाणखान्यात उंची संगमरवर आहे. मीस व्हान डेर रोएच्या १९२९च्या बार्सिलोना मंडपात ऑनिक्स दगडाची भिंत आहे. नक्षी गेली; श्रीमंती दगडाच्या शिरांत शिल्लक राहिली.

आता आपल्याकडे पाहू. मनुस्मृतीने चांडाळाला फुटकी भांडी, प्रेतांवरची वस्त्रे आणि लोखंडाचे दागिने नेमून दिले. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये (१९३६) बाबासाहेबांनी इंदूरकडच्या बलाईंवर लादलेले नियम नोंदवले आहेत: जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. गुजरातेतल्या झानू गावी नोव्हेंबर १९३५मध्ये अस्पृश्य स्त्रियांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणले, म्हणून सवर्णांनी त्यांना मारहाण केली. कमीत कमी वस्तूंत जगणे ही इथे कलादृष्टी नव्हती. ती शिक्षा होती.

माझ्या आईच्या फळीवर स्टीलची भांडी ओळीने मांडलेली असतात. त्यांवर तारखा आणि नावे कोरलेली आहेत. माझा एक सुशिक्षित सहकारी त्यांना ‘दुकान’ म्हणाला. त्याला अडगळ दिसली. मला झानूच्या बायकांना दिलेला जबाब दिसतो. मुंबईच्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत खाटेखाली पेटी आणि भिंतीवर खुंट्या असतात, त्या रुचिहीनतेमुळे नव्हे. लपवायला बंद कपाट नसते म्हणून वस्तू दिसतात. उलट मोकळ्या दिवाणखान्याची फरशी रोज कुणीतरी बाई पुसते, आणि तिचा झाडू-पोछा दाराआड ठेवलेला असतो.

यावर कुणी म्हणेल, डिसेंबर १९२७मध्ये महाडला बाबासाहेबांनीच स्त्रियांना कथलाच्या-चांदीच्या दागिन्यांचा भार टाकायला सांगितला होता. भिक्खूजवळ तर आठच वस्तू असतात. दोन्ही खरे. पण ते दागिने अस्पृश्यतेची खूण होते; ती पुसणे हे मुक्तीचे पाऊल होते. भिक्खूचा त्याग तृष्णेविरुद्ध आहे, शेजाऱ्याला दाखवण्यासाठी नाही. त्याग आणि वंचना बाहेरून सारख्या दिसतात. फरक एवढाच की, ठरवले कोणी?

या नव्या खोल्यांत कोपऱ्यात हमखास एक बुद्धाचे मस्तक असते, शोभेचे. धम्माशिवायचा बुद्ध! आणि आपला एखादा पदवीधर तरुण नवा फ्लॅट घेतो, तेव्हा बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर ‘भिंतीला शोभत नाही’ म्हणून आतल्या खोलीत जाते. माझा आक्षेप इथे आहे. उधळपट्टी नको, हप्त्यांवरचे फर्निचर नको, हे आपण आपल्या हिशेबाने ठरवू. पण आपली ओळख झाकणारा साधेपणा ही शरणागती आहे.

बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. त्या घरातल्या भिंती रिकाम्या ठेवायच्या नव्हत्या, पुस्तकांनी भरायच्या होत्या. घर सजवताना आपण हा नमुना समोर ठेवावा.