छाप कोणाची?

छायाचित्रणाची चर्चा करणाऱ्या मंडळींत एक चमत्कारिक भक्तिसंप्रदाय आढळतो. कोणी लायकाचा उपासक असतो, कोणी रोलीफ्लेक्सचा. कोणी निकॉनवांचून दुसऱ्या यंत्रास हात लावीत नाहीं, तर कोणी कॅननचें नांव निघतांच सरसावून बसतो. फोर्टांतील कॅमेऱ्यांच्या दुकानांत घटकाभर उभें राहिलें, तर शैव-वैष्णवांच्या जुन्या वादाची आठवण व्हावी, इतक्या हिरीरीनें हे पक्ष मांडले जातात. वृत्तपत्रांच्या सेवेंत आयुष्य घालविलेला वृद्ध छायाचित्रकार आपल्या पहिल्या कॅमेऱ्याविषयीं बोलूं लागला म्हणजे तर घरांतील एखाद्या दिवंगत वडील माणसाचीच गोष्ट चालली आहे असें वाटतें. सुशिक्षित रसिक ह्या भक्तीला हसतो. कालिदासाचा बोरू कोणत्या रानांतला होता हें कळल्यानें शाकुंतलाची गोडी वाढत नाहीं; मग चित्रापुढें उभें राहून 'हें कोणत्या कॅमेऱ्यानें घेतलें?' हा प्रश्न कशाला, असें त्याचें म्हणणें. प्रस्तुत लेखकास हें म्हणणें मान्य नाहीं. तो प्रश्न वेडगळ नाहीं, अपुरा आहे.

मराठींत 'छाप' हा शब्द दोन अर्थांनीं चालतो. मालावर असते ती कारखानदाराची छाप, आणि कृतीवर उमटते ती कर्त्याची छाप. वृत्तछायाचित्राची परीक्षा करतांना ह्या दोहोंचा संबंध काय, हें पाहणें अगत्याचें आहे.

आधीं यंत्राची बाजू ऐकावी. अमेरिकेंतील रॉचेस्टरचा 'स्पीड ग्राफिक' हा कॅमेरा १९१२ मध्यें निघाला. चार इंच बाय पांच इंचांची एकेक सुटी फिल्म, चित्र घेण्यापूर्वीं तिच्यावरील झांकण ओढून काढण्याची यातायात, आणि दर फ्लॅशनंतर नवा बल्ब, असा त्याचा थाट. एक क्षण हुकला कीं दुसरा हातीं लागेलच असें नाहीं. म्हणून त्या यंत्राचा धनी प्रसंगाचा कळस कोठें येणार हें आगाऊ ताडण्यास शिकला. जर्मनींतील ब्राउनश्वाइगचा रोलीफ्लेक्स १९२९ मधला. तो कमरेशीं धरावयाचा, मान खालीं घालून काचेवरील प्रतिमा पाहावयाची, आणि तींत डावें तें उजवें दिसावयाचें. एका गुंडाळीवर चित्रें बारा. यंत्र तोंडासमोर नसल्यामुळें समोरचा माणूस बिचकत नाहीं, आणि खालून पाहिल्यामुळें त्यास एक प्रकारचा भारदस्तपणा येतो. उलट वेट्झलारचा लायका, १९२५ पासून विकला जाऊं लागलेला, डोळ्यास भिडवावयाचा, चित्रें छत्तीस. गर्दींत मिसळून जाणारी चपळ नजर त्यानें घडविली. सारांश, यंत्र हें केवळ हत्यार नव्हे. उभें कसें राहावें, किती वेळ थांबावें, किती वेळां चुकावें, हें तें शिकवितें; आणि ही शिकवण चित्रांत उतरते.

ह्या शिकवणीचें उत्तम उदाहरण म्हणजे श्रीमती होमाई व्यारावाला. नवसारीस १९१३ मध्यें जन्मलेल्या ह्या पारशी बाई मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकल्या, आणि पति माणेकशा यांच्यापासून छायाचित्रणाची विद्या घेऊन त्यांनीं मुंबईंतील जीवनाचीं चित्रें 'इलस्ट्रेटेड वीकली'साठीं टिपलीं. १९४२ मध्यें त्या दिल्लीस गेल्या, आणि १९७० मध्यें हा व्यवसाय सोडीपर्यंत साडी नेसून, खांद्यावर अवजड सामान वाहून, स्पीड ग्राफिक व रोलीफ्लेक्स चालवीत राहिल्या. त्यांच्या चित्रांतील पुढारी क्वचितच दचकलेले दिसतात. त्यांत बाईंच्या सौजन्याचा भाग मोठा. पण थोडे फोटो, पुष्कळ धीर, ही यंत्रांची शिस्तही त्यांत आहे. तथापि ह्याच चरित्रांत यंत्रनिष्ठेस निरुत्तर करणारी एक गोष्ट आहे. आरंभींचीं त्यांचीं चित्रें माणेकशांच्या नांवानें प्रसिद्ध झालीं. पुढें त्यांनीं 'डालडा १३' हें टोपणनांव घेतलें, तेंही मोटारीच्या क्रमांकावरून सुचलेलें! कॅमेऱ्यावर कारखान्याचें नांव ठळक कोरलेलें होतें. जिच्या डोळ्यानें पाहिलें तिचें नांव मात्र चित्राखालीं नव्हतें. पद्मविभूषण हा मान त्यांस मिळाला तो २०११ मध्यें, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षीं.

दुसरें उदाहरण वर्ध्याजवळील सेवाग्रामचें. गांधीजींच्या नात्यांतील कनु गांधी यांस छायाचित्रें घेण्याची परवानगी मिळाली ती तीन अटींवर: फ्लॅश वापरावयाचा नाहीं, कोणास मुद्दाम बसवावयाचें नाहीं, आणि आश्रमाचा पैसा खर्चावयाचा नाहीं. घनश्यामदास बिर्लांनीं दिलेल्या शंभर रुपयांतून रोलीफ्लेक्स आला. लाइफ नियतकालिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट यांनीं १९४६ मध्यें घेतलेलें चरख्याचें चित्र जगप्रसिद्ध आहे, आणि रचनेच्या दृष्टीनें तें निर्दोषही आहे. चरखा पुढें, महात्मा मागें. परंतु कुष्ठरोगानें पीडित परचुरे शास्त्र्यांची शुश्रूषा करणारे गांधीजी कनुंच्या चित्रांत दिसतात, तेव्हां प्रेक्षकास रचना आठवत नाहीं. तेथें कॅमेरा पाहुणा नाहीं, घरचा आहे. वर्षानुवर्षें त्याच अंगणांत वावरल्यावांचून हें चित्र साधत नाहीं, आणि हा वावर कोणत्याही कारखान्यांत तयार होत नाहीं.

पुढील काळांत निष्ठेचें स्वरूप पालटलें. कोरियाच्या युद्धांत, १९५० मध्यें, डेव्हिड डग्लस डंकन यांनीं आपल्या लायकास जपानी निक्कोर भिंगें लाविलीं, आणि जर्मन मालाची मक्तेदारी डळमळूं लागली. १९५९ मध्यें निकॉन एफ निघाला. त्यावर भिंग बसविण्याची खांचणी कंपनीनें पुढें अनेक दशकें राखली. कॅननने १९८७ मध्यें नवी खांचणी आणली, तेव्हां जुनीं भिंगें नव्या कॅमेऱ्यास निरुपयोगी झालीं. वृत्तपत्रकचेरीच्या कपाटांत ज्या जातीचीं भिंगें, त्याच जातीचा कॅमेरा घेणें ओघानेंच आलें. मग त्या हिशेबी सोयीस आम्ही प्रेमाचें नांव दिलें. ह्यांत दोष नाहीं; पुष्कळ संसारही असेच सुखाचे होतात. परंतु शिस्तीवरील प्रेम आणि नांवावरील प्रेम ह्यांत भेद करावयास हवा.

तो भेद किती मोलाचा आहे हें मुंबईनें एका रात्रींत पाहिलें. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं 'मुंबई मिरर'चे सेबॅस्टियन डिसोझा टाइम्सच्या इमारतींतून निघून समोरच्या छत्रपति शिवाजी टर्मिनसांत शिरले. जवळ निकॉन आणि दोन भिंगें. आगगाडीच्या डब्याचा आडोसा घेऊन त्यांनीं बंदूकधारी कसाबचें जें चित्र घेतलें, तें पुढें न्यायालयांत पुरावा म्हणून उभें राहिलें. निकॉन त्या रात्रीं इमानानें चालला, हें खरें. पण तशीं यंत्रें शहरांत शेंकडों होतीं. चित्र झालें तें माणूस पळण्याऐवजीं तेथें थांबला म्हणून.

आणि त्याच रात्रीं, त्याच्या थोडें आधीं, ते दहा हल्लेखोर जेथें रबरी होडींतून उतरले, त्या कफ परेडच्या मच्छीमार नगरांत काय होतें? तेथील उतरण्याचें एकही छायाचित्र जगासमोर नाहीं. कोळी वस्तींतील माणसांनीं त्या अनोळखी तरुणांस पाहिलें, हटकलें. ह्या शहरावरील आपत्तीचा आरंभ आपणांस ठाऊक आहे तो त्यांच्या साक्षीनें. ह्या किनाऱ्यावर कॅमेरे येत नाहींत असें नाहीं. नारळी पौर्णिमेस ते येतात, नटलेल्या होड्या व दागिने घातलेल्या बायका टिपून संध्याकाळीं परत जातात. वर्षाच्या इतर दिवशीं तेथें कोणाचा रोलीफ्लेक्स मान खालीं घालून उभा राहिला? सेवाग्रामास जो लाभ झाला तो ह्या वस्तीस झाला नाहीं, ही आमच्या वृत्तछायाचित्रणाची खरी उणीव होय. आणि महागडीं भिंगें घेऊन ती भरून निघणार नाहीं.

ह्याच वस्तींतील व्यवहारांत आपल्या वादाचा निकाल आहे. बोंबलासाठीं डोल लावावी लागते. दुसऱ्या मासळीस दुसरें जाळें. जाळें कसलें आहे यावर काय हातीं लागणार हें ठरतें, म्हणून कोळी आपल्या जाळ्यास जपतो, आणि त्यास कोणी हंसत नाहीं. परंतु जाळें कोठें आणि केव्हां टाकावयाचें हें जाळें विणणारा ठरवीत नाहीं. तें तांडेल ठरवितो, आणि तो तें जाणतो कारण तो त्या पाण्यावर रोज जातो. छायाचित्रकाराची यंत्रनिष्ठाही ह्याच मापानें मोजावी. जी निष्ठा त्यास एका जागीं, एका माणसांत टिकवून ठेवते ती कलेची सेवा आहे. जी त्यास केवळ दुकानाच्या पायरीवर टिकवून ठेवते, ती फार तर व्यापाराची.