वाणसामानाच्या दुकानांतील शोक

शोक करावयास योग्य अशा जागा साहित्यानें फार पूर्वींच ठरवून ठेविल्या आहेत. नदीचा कांठ, स्मशान, रिकामें पडलेलें घर, फार तर आगगाडीचें स्थानक. वाण्याच्या दुकानांत, डाळीतांदळाच्या पिशव्यांपुढें उभें राहून कोणी रडल्याचें आमच्या तरी वाचनांत आलेलें नव्हतें. मिशेल झाउनर या कोरियन-अमेरिकन लेखिकेच्या 'क्राइंग इन एच मार्ट' या आत्मकथनाचा आरंभ नेमका अशा जागीं होतो. आरंभींच्या थोड्याशा पृष्ठांत तिनें जें साधलें आहे तें पुढें सबंध पुस्तकांत तिला टिकवितां आलें आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

पुस्तकाचें पहिलें प्रकरण हा मूळचा एक स्वतंत्र निबंध. तो 'न्यूयॉर्कर' या नियतकालिकानें २०१८ सालीं प्रसिद्ध केला आणि त्याभोंवतीं वाढलेलें पुस्तक २०२१ सालीं बाहेर पडलें. लेखिकेचा जन्म १९८९ सालीं सेऊल येथें झाला. आई कोरियन, वडील अमेरिकन. बालपण ऑरेगॉन संस्थानांतील युजीन या गांवीं गेलें. ती गाणारी आहे. 'जॅपनीज ब्रेकफास्ट' या नांवानें तिचा वाद्यवृंद प्रसिद्ध आहे, आणि आईच्या कोरियन स्वयंपाकावर एवढें मोठें पुस्तक लिहिणाऱ्या बाईनें हें जपानी न्याहारीचें नांव कां घ्यावें याचें नवल आम्हांस पुस्तक संपेपर्यंत वाटत राहिलें. २०१४ सालीं तिची आई कर्करोगानें वारली. लेखिका त्या वेळीं पंचवीस वर्षांची होती. कथानक म्हणावें तर एवढेंच.

एच मार्ट म्हणजे काय, हें ज्यांचीं मुलें अमेरिकेंत आहेत अशा वाचकांस सांगावयास नको. इतरांसाठीं चार शब्द लिहितों. अमेरिकेनें १९६५ सालीं परदेशीयांस प्रवेश देण्याचा आपला कायदा बदलला व देशोदेशींच्या कोट्यांची जुनी पद्धति मोडली. त्या उघडलेल्या दारानें जसे आपले डॉक्टर व इंजिनिअर गेले तसे कोरियन लोकही मोठ्या संख्येनें गेले. न्यूयॉर्क शहरांत त्यांतील पुष्कळांनीं भाजीपाल्याचीं व किराण्याचीं दुकानें थाटलीं. क्वीन्स भागांतील वुडसाइड येथें १९८२ सालीं निघालेल्या अशाच एका दुकानाचा आज सर्व देशभर विस्तार झालेला आहे. नांवांतील 'एच' हें अक्षर 'हान आ रुम' या कोरियन शब्दांचें असून त्यांचा अर्थ 'कवेंत मावेल एवढें' असा होतो. वाणसामानाच्या दुकानास याहून चांगलें नांव आम्हीं ऐकलेलें नाहीं.

मागें मुलीकडे न्यू जर्सींत कांहीं आठवडे राहण्याचा योग आला, तेव्हां पुस्तक ताजेंच वाचून झालेलें असल्यामुळें मॅनहॅटनमधील बत्तिसाव्या रस्त्यावरच्या कोरियन पेठेंतील दुकान आम्हीं हट्टानें पाहून घेतलें. टीकाकारानें ग्रंथांतील स्थळें पाहत हिंडावें हें आम्हांस एरवीं पसंत नाहीं. ग्रंथ आपल्या पायांवर उभा राहावा. परंतु या एका बाबतींत गेलों तें बरें झालें. तांबड्या डब्यांतून भरलेलें गोचुजांग, म्हणजे मिरचीचें आंबविलेलें घट्ट वाटण. सोललेल्या लसणाचे डबे. थंड कपाटांतून मांडलेल्या किमचीच्या बरण्या. हें सर्व पुस्तकांतून परिचयाचें झालेलें होतें. जें परिचयाचें नव्हतें तें असें कीं, एकाच जिनसेचे प्रकार किती असावेत! जेवणांत भाताबरोबर खावयाचें वाळविलेलें समुद्रशेवाळ घ्या. त्याच्या पुड्यांची एक उभी मांडणीच तेथें होती, आणि आमच्या अडाणी दृष्टीस त्या सर्व पुड्या सारख्याच दिसत होत्या. त्या मांडणीपुढें एक तरुण मुलगा हातांतील फोन पुड्यांवरून सावकाश फिरवीत होता व फोनमधून एका वृद्ध स्त्रीचा आवाज येत होता. तो आवाज दोनदां नकारार्थी वाटला. तिसऱ्यांदा मुलानें पुडी टोपलींत टाकली.

झाउनरबाईंच्या निबंधाचें मर्म आम्हांस तेथें कळलें. त्यांचा प्रश्न असा कीं, आपल्या घरीं कोणत्या छापाचें शेवाळ आणीत असत हें विचारावयास आतां फोनच्या दुसऱ्या टोकास कोणी उरलें नाहीं, तर मग आपण कोरियन तरी उरलों काय? हा प्रश्न एखाद्या तत्त्वज्ञानें 'माझी ओळख कोणती' अशा शब्दांत घातला असता तर आम्ही जांभई देऊन पान उलटलें असतें. वर्गांत तीस वर्षें इंग्रजी साहित्य शिकविल्यावर या 'ओळख' शब्दाचा आम्हांस कंटाळा आला आहे. परंतु येथें प्रश्न पुडीचा आहे, आणि पुडीचें उत्तर ग्रंथांत सांपडत नाहीं. भट्टनायकानें ज्यास साधारणीकरण म्हटलें त्यांत व्यक्तीचे विशेष गळून पडतात व भाव सर्वांचा होतो, असें आम्ही विद्यार्थ्यांस सांगत आलों. या निबंधांत उलटा प्रकार दिसतो. विशेष जितका क्षुद्र, जितका एका घरापुरता, तितका भाव अधिक सर्वांचा होतो. आमची मुलगी एडिसन येथील गुजराती दुकानांतून तिच्या आईस फोन करून भाजणी कोणती घ्यावी हें विचारते. त्या वेळीं येथें कधीं कधीं मध्यरात्र असते. आमच्या कुटुंबाचें उत्तर ठरलेलें असतें कीं, विकतची कोणतीच घेऊं नकोस. मग दोघी अर्धा तास बोलतात. हा फोन आम्ही आजवर झोपमोड समजत होतों.

आईचें चित्र हें पुस्तकाचें दुसरें बळ. मराठी वाचकाच्या मनांत आई म्हटलें कीं प्रथम साने गुरुजींची 'श्यामची आई' उभी राहते. ती १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिली गेली व १९३५ सालीं प्रसिद्ध झाली, आणि तेव्हांपासून मराठींत आईविषयीं लिहिणारा प्रत्येक लेखक तिच्या छायेंत लिहीत आहे. श्यामची आई कठोर होते तीही श्यामच्या कल्याणासाठीं, आणि श्यामला तें अखेर कळतें. वाचकास तर तें आधींच कळलेलें असतें. झाउनरबाईंची आई कठोर आहे, परंतु तिच्या कठोरपणाचा हिशेब असा चुकता होत नाहीं. मुलीची कातडी, दांत, उभें राहण्याची ढब, कपडे यांवर तिची सारखी टीका चाललेली. मुलगी झाडावरून पडली तर जवळ घेण्याऐवजीं ती रागावते. वयांत आलेल्या मुलीचे व तिचे जे खटके उडतात त्यांत मुलगीही कांहीं शहाणी ठरत नाहीं. आणि हीच आई लांब राहणाऱ्या मुलीस टपालानें चामड्याचे बूट पाठवितांना ते आधीं आठवडाभर स्वतः घरांत घालून मऊ करून घेते. या एका तपशिलावर लेखिकेनें फारसें भाष्य केलेलें नाहीं. तो सांगून ती पुढें जाते. पुस्तकांतील उत्तम जागांपैकीं ती एक आहे.

या आईनें मुलीस एक व्यवहार शिकविला होता: कोणावर कितीही प्रेम असो, आपला दहावा हिस्सा आपल्यापाशीं राखून ठेवावा. आम्हांस वाटतें, पुस्तकाचा गुणदोषविचार करण्यास याहून नेमकें माप मिळावयाचें नाहीं, आणि तें लेखिकेनेंच आमच्या हातीं दिलें आहे. जेथें तिनें हा दशांश राखला आहे तेथें लेखन उंच जातें.

आजारपणाचीं प्रकरणें या दृष्टीनें वाचावीं. मुलगी फिलाडेल्फिया सोडून घरीं येते ती आईस कोरियन पदार्थ करून घालण्याच्या निश्चयानें. पण औषधांमुळें आईस कांहीं खाववत नाहीं. अशांत आईची एक कोरियन मैत्रीण शुश्रूषेस येऊन राहते व स्वयंपाकघर आपल्या ताब्यांत घेते. ती भिजवून वाटलेल्या तांदळाची व चिलगोज्यांची पेज करते, जिला कोरियन भाषेंत जातजुक म्हणतात. आई ती पेज खाते. मुलीस मात्र कृती शिकविली जात नाहीं. दोघी मैत्रिणी आपल्या भाषेंत बोलत असतात आणि मुलगी आपल्याच घरांत परकी होऊन दारांत उभी असते. मरणाऱ्या आईच्या उशाशीं मत्सर! हा विषय मोठ्या धैर्याचा आहे आणि लेखिकेनें तो स्वतःस सोज्वळ न करतां हाताळला आहे. त्या मैत्रिणीलाही तिनें खलनायिका केलेलें नाहीं. पुढें आई गेल्यावर मांगची या नांवानें इंटरनेटवर पाककृति शिकविणाऱ्या एका कोरियन बाईंच्या चित्रफिती पाहून ती जातजुक शिकते. परक्या बाईनें, पडद्यावरून, आईच्या जागीं उभें राहून शिकवावें यांत जें दुःख आहे व जो दिलासा आहे, त्यांची वाटणी लेखिका करीत नाहीं.

दुसरीकडे किमचीचें प्रकरण पाहा. आईच्या किमची ठेवण्याच्या शीतकपाटांत मुलीस जुनीं छायाचित्रें सांपडतात. एवढें सांगून ती थांबली असती तर! परंतु कोबी नुसती ठेवली तर कुजते, मिठांत जपली तर टिकते व तिची चव बदलते, तसेंच स्मृतीचें आहे, हें ती आम्हांस समजावून सांगते. ज्या वाचकानें दोनशे पृष्ठें तिच्याबरोबर स्वयंपाकघरांत काढलीं त्याला हें कळावयाचें राहिलें असेल काय? येथें दशांश खर्ची पडला. पदार्थांच्या याद्यांचेंही तसेंच. कांहीं ठिकाणीं त्या लग्नांतील पंगतीच्या यादीसारख्या लांबतात, आणि प्रत्येक पदार्थास अमेरिकन वाचकासाठीं एक विशेषण जोडलेलें. शेवटीं वाद्यवृंदास मिळालेल्या यशाचा जो वृत्तान्त येतो, तो दुसऱ्याच एखाद्या पुस्तकाचा भाग वाटतो.

याहून मोठी उणीव आम्हांस निराळीच दिसते. दुकानांतील खाद्यगृहांत बसलेलीं माणसें लेखिका मायेनें पाहते: शिकावयास आलेलीं मुलें, वृद्ध स्त्रिया, तीन पिढ्यांचीं कुटुंबें. कोण कोणाचें काय लागत असेल, कोणाचें काय हरवलें असेल, याचा ती तर्क करते. परंतु पैसे घेणारा, पोतीं उचलणारा, पहाटे भाजी निवडणारा मनुष्य तिला दिसलेलाच नाहीं. दुकान आहे, दुकानदार नाहीं. हें दुकान तिच्या शोकासाठीं आपोआप उगवलें आहे असें वाटतें. चांग-रे ली या कोरियन-अमेरिकन कादंबरीकाराची 'नेटिव्ह स्पीकर' ही १९९५ सालची कादंबरी ज्यांनीं वाचली असेल त्यांस ही उणीव अधिक जाणवेल. तिच्यांतील निवेदकाचा बाप चांगला शिकलेला असून न्यूयॉर्कांत भाजीचीं दुकानें चालवितो, आणि त्या दुकानांनीं त्याचें काय केलें हें मुलगा विसरूं शकत नाहीं. त्याच वर्षीं त्याच लेखकानें 'न्यूयॉर्कर'मध्येंच 'कमिंग होम अगेन' हा निबंध लिहिला. त्याचीही आई कर्करोगानें मरणासन्न, तोही घरीं येऊन तिच्यासाठीं तिच्याच हातचे पदार्थ करूं पाहतो, आणि तीही खाऊं शकत नाहीं. विषय तोच, पृष्ठें अगदीं थोडीं, आणि दशांश पुरा राखलेला. झाउनरबाईंच्या पुस्तकास जी अफाट लोकप्रियता लाभली ती त्या निबंधास लाभली नाहीं, याचा आम्हांस खेद होतो. पण या पुस्तकामुळें कोणी त्या निबंधाकडे वळला तर हेंही थोडें नव्हे.

एक कबुली द्यावयाची राहिली. पहिलें प्रकरण वाचतांना आमचे डोळे भरून आले. ग्रंथ वाचून रडूं येणें हें ग्रंथाच्या श्रेष्ठत्वाचें प्रमाण नव्हे, असें आम्ही दरवर्षीं वर्गांत सांगतों, व तें मत आजही बदललेलें नाहीं. आमच्या आईस जाऊन अकरा वर्षें झालीं. तिच्या हातच्या मेतकुटांत धने किती असत हें आमच्या घरीं आतां कोणासही सांगतां येत नाहीं, आणि ती असतांना विचारावें असें आम्हांस एकदांही सुचलें नाहीं. तीं कामें बायकांचीं, अशी आमची समजूत. ज्या वाचकाची अशी कांहीं उधारी राहिली आहे त्याचें मत या पुस्तकाविषयीं थोडें सावधपणेंच घ्यावें, आमचेंही.

तथापि पुस्तक मराठींत यावें असें आम्हांस वाटतें, कारण आमच्या घरोघरींचीं मुलें आज याच मांडण्यांपुढें उभीं आहेत. भाषांतर करणारानें मात्र एक पथ्य पाळावें. किमचीस कोबीचें लोणचें म्हणूं नये आणि मियक-गुक या शेवाळाच्या सारास नुसतें 'सूप' म्हणून सोडून देऊं नये. कोरियांत हें सार बाळंतिणीस देतात, आणि पुढें जन्मभर दर वाढदिवसास तेंच खातात. आमच्याकडे बाळंतिणीस अळिवाची खीर देतात, पण ज्याच्यासाठीं ती केली त्याच्या वाढदिवसास ती कोणी करीत नाहीं. शब्दाखालीं दोन ओळींची टीप पुरेल.