बेडकाचं अंडं आणि तुरीचं मूळ

चऱ्होलीत इंद्रायणीकडच्या काळ्या रानात सलग पाऊस झाला की तूर चिखलात उभी राहूनच माना टाकते. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "पाणी लागलं, मुळं कुजली." पण पहिल्याच दिवशी रोप उपटून बघा, मूळ अजून धड असतं. मग पाण्यात उभं राहून ते तहानलेलं का?

नेट-सेटच्या नोट्समध्ये याला एकच उत्तर असतं. कोलेत तुर्नेर-रू, क्रिस्तोफ मोरेल आणि सहकाऱ्यांचा 2003 चा 'नेचर'मधला पेपर. साच्यात बसणारं, पाठ करायला सोपं. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा साधारण 10,000 पट हळू पसरतो. श्वसन अडलं की मुळाच्या पेशीतला द्रव आम्लधर्मी होतो. पेशीपटलात पाण्याची वाट देणारी प्रथिनं असतात, अ‍ॅक्वापोरिन. त्यांतल्या एका हिस्टिडिनला (अरॅबिडॉप्सिसच्या पीआयपी2;2 मध्ये 197 क्रमांकाचा) प्रोटॉन चिकटतो आणि वाट बंद होते.

पेपर सुंदर आहे, यात वाद नाही. अख्खं मूळ, एक पेशी, एक प्रथिन, एक अमिनो आम्ल, असा उतरत जाणारा युक्तिवाद जेमतेम पाच पानांत. पण शेवटची पायरी नीट वाचा. हिस्टिडिन बदललेलं प्रथिन तपासलंय ते बेडकाच्या अंडपेशीत. ते परत झाडात घालून, ऑक्सिजन काढून घेतल्यावरही मूळ पाणी ओढतं का, हे या पेपरात नाही. लेखकांचं विधानही जपून केलेलं आहे: या यंत्रणेमुळे स्पष्टीकरणाला आधार मिळतो. "सिद्ध झालं" हे आपण नोट्समध्ये घातलेलं.

दुसरी अडचण वेळेची. तिथे मोजलाय तो ऑक्सिजन तुटल्यावरचा झटपट परिणाम. आपल्या रानात वाफसा मोडतो तो हळूहळू, आणि कित्येक दिवस परत येत नाही. तोवर इथिलीन साचतं, मुळं खरोखरच मरू लागतात. म्हणजे शेतकऱ्याचं "कुजली" चूक नाही, थोडं घाईचं आहे!

त्याच गटाने 2016 मध्ये 'सेल'मध्ये एचसीआर1 हे जनुक दाखवलं. ते मुळाची जलवाहकता कमी करतं, पण ऑक्सिजन कमी आणि पोटॅशियम पुरेसं असेल तेव्हाच. म्हणजे गोष्ट एकट्या पीएचची राहिली नाही. मुलाखतीत 2003 चा पेपर मांडणार असाल तर हा दुसराही वाचून जा. माझा पहिला प्रश्न तरी हाच असेल: कुंडीतल्या तुरीला पाणी तुंबवल्यावर पहिल्या तासाला काय मोजाल आणि चौथ्या दिवशी काय?