दुर्खीम यांची ‘आत्महत्या’ : आकडा आणि निर्णय

आत्महत्येसारख्या सर्वस्वी वैयक्तिक वाटणाऱ्या कृतीचा उलगडाही सामाजिक कारणांनी होतो, हे एमिल दुर्खीम यांच्या १८९७ च्या ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन होय. तथापि त्याच्या पायातच एक विसंगती आढळते. आत्महत्येच्या हेतूंविषयीची सरकारी आकडेवारी दुर्खीम त्याज्य ठरवितात. कारण तीत अधिकाऱ्यांची केवळ मते नोंदलेली असतात. परंतु अमुक मृत्यू ही आत्महत्याच, हा त्याच यंत्रणेचा निर्णय मात्र ते स्वीकारतात. त्यांच्या व्याख्येत हेतूऐवजी परिणामाची जाणीव हा निकष आहे, हे खरे. पण नोंद करणारा अधिकारी ती व्याख्या वापरीत नसतो.

प्रोटेस्टंटांपेक्षा कॅथलिकांत आत्महत्या कमी, याचे श्रेय ते दृढ सामाजिक एकात्मतेला देतात. परंतु जेथे ऐक्य दृढ, तेथे कलंक झाकण्याची प्रवृत्ती व शक्तीही अधिक, असा आक्षेप जॅक डग्लस यांनी १९६७ मध्ये घेतला. तेव्हा एकात्मतेने घटते ते काय, आत्महत्या की तिची नोंद? या आक्षेपाने सिद्धांत खोटा ठरत नाही. मात्र आकडा ही स्वयंसिद्ध वस्तुस्थिती नसून तीही समाजाचीच निर्मिती आहे, हे दुर्खीम यांच्याच दृष्टीने मान्य करावे लागते.