'संजीवनी'चे रूपक आणि नकाराचा अधिकार : भंडारदरा परिसराच्या संदर्भात हेलिकॉप्टर रुग्णवाहिकेचा विचार

भंडारदरा परिसरात कळसूबाई, रतनगड किंवा सांदण दरीत एखादा अपघात घडला की 'हेलिकॉप्टर असते तर' ही हळहळ ऐकू येते. ती अनाठायी नाही. जखमीला डोलीतून वा स्ट्रेचरवरून पायथ्याच्या गावी उतरवायचे, तेथून 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने पुढे न्यायचे, आणि प्रकृती गंभीर असेल तर सुमारे 70 किलोमीटरवरील नाशिक गाठायचे; एवढ्यात 'गोल्डन अवर' उलटून गेलेला असतो. प्रस्तुत टिपणाचा आक्षेप या मागणीवर नाही. ती ज्या भाषेत मांडली जाते, त्या भाषेवर आहे.

हृषीकेशच्या एम्समध्ये 29 ऑक्टोबर 2024 रोजी सुरू झालेल्या हेलिकॉप्टर रुग्णवाहिकेला 'संजीवनी' हे नाव मिळाले. नाव अर्थवाही आहे, परंतु त्यामागील कथेचे गृहीत तपासण्यासारखे आहे. लोकपरंपरेतील हनुमंताला सूर्योदयापूर्वी परतायचेच असते. वनस्पती ओळखू आली नाही तर तो पर्वतच उचलून आणतो. 'आज जाता येणार नाही' असे म्हणण्याची मुभा त्या कथेत कोणालाच नाही. वैमानिकाला मात्र ती असलीच पाहिजे. 17 मे 2025 रोजी हीच सेवा केदारनाथला रुग्ण आणण्यासाठी गेली असता उतरताना हेलिकॉप्टरचा शेपटाकडील भाग मोडला. आतील तिघे बचावले. त्या अपघाताच्या कारणांची चर्चा हा येथील विषय नव्हे; रुग्ण अजून आत आलेलाही नव्हता, एवढेच येथे लक्षात घ्यायचे.

कारण अमेरिकेतील अनुभव नेमका याच मुद्द्याकडे बोट दाखवतो. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2006 साली, जानेवारी 2002 ते जानेवारी 2005 या काळातील वैद्यकीय उड्डाणांच्या 55 अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत 54 माणसे दगावली होती. रुग्ण आत असताना हवामानाचे नियम कडक आणि रुग्णाला आणायला जाताना सैल, अशी तेव्हाची व्यवस्था होती. डॉक्टर-परिचारिकांच्या जिवाचे मोल जणू रुग्ण आत आल्यावरच सुरू होत होते! ही विसंगती दूर करणारे आणि उड्डाणापूर्वी जोखमीचे मोजमाप सक्तीचे करणारे नियम 2014 मध्ये आले. एका कंपनीने हवामानामुळे नकार दिला की तो न सांगताच दुसरीला विचारायचे, ही घातक रीतही तेथील चर्चेत पुढे आली. पथकापैकी एकानेही 'नको' म्हटले तरी उड्डाण रद्द, हा संकेत त्याच अनुभवातून दृढ झाला. रुग्ण लहान मूल आहे की वृद्ध, हे निर्णय होईपर्यंत वैमानिकाला कळू न देण्यामागेही तोच विचार आहे. करुणेने हवामान बदलत नाही.

आपल्या वृत्तपत्रीय गद्यात मात्र 'देवदूत', 'जिवाची बाजी', 'वाऱ्यापावसाची तमा न बाळगता' हे शब्दप्रयोग रूढ आहेत. यांतील शेवटचा तर वैमानिकाच्या बाबतीत गौरव नसून दोषारोप ठरेल.

भंडारदऱ्यात हे विशेषत्वाने जाणवते. पावसाळ्यात पश्चिमेकडून आलेले वारे घाटघरच्या कड्यांवरून वर चढतात आणि ढग 1646 मीटर उंचीच्या कळसूबाईच्या बरेच खाली उतरतात. नजरेच्या आधारे उडणाऱ्या वैमानिकाला ढगात शिरताच क्षितिज हरवते, आणि वर-खाली यांचे भानही फसवे होते. त्यात दऱ्यांवरून गेलेल्या वीजवाहिन्या. पर्यटकांची गर्दी होते तीही पावसाळ्यातच, काजवे पाहायला येणारे तर पावसाच्या तोंडावर आणि रात्री. म्हणजे मदतीची निकड आणि उड्डाणास प्रतिकूल स्थिती बहुधा एकाच वेळी येणार.

म्हणूनच येथे अशी सेवा आली तर तिच्या नोंदवहीत न झालेल्या उड्डाणांचे रकाने कारणांसह भरले जावेत, आणि त्या कारणांबद्दल वैमानिकाकडे खुलासा मागितला जाऊ नये. दुसरे असे की, हेलिकॉप्टर मागवले म्हणून डोली थांबवायची नाही. बारी किंवा रतनवाडीच्या वाटेवर खांदेकऱ्यांनी त्याच क्षणी चालू लागावे. आकाशातून काही आलेच, तर वाटेतल्या मोकळ्या माळावर रुग्ण त्याच्या हवाली करता येईल.