त्याच सभागृहातल्या दोन टाळ्या

३० ऑक्टोबर १९६२. रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आहे आणि उपासनाविधीतल्या सुधारणांवर चर्चा चालू आहे. कार्डिनल आल्फ्रेदो ओत्तावियानी विरोधात बोलताहेत. दृष्टी जवळपास गेलेली, त्यामुळे हातात कागद नाही. प्रत्येकाला दहा मिनिटं ठरलेली, त्यांची केव्हाच उलटलीत. अध्यक्षस्थानी बसलेले डच कार्डिनल आल्फ्रिंक आधी आठवण करून देतात, मग ध्वनिक्षेपक बंद होतो. म्हातारा बोलायचा थांबून जागेवर जातो आणि जमलेले बिशप टाळ्या वाजवतात. त्यानंतर सुमारे दोन आठवडे ओत्तावियानी परिषदेकडे फिरकले नाहीत.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनातल्या मनात मीही टाळी वाजवली होती. त्याला कारण होतं. परिषदेची हकीकत जगाला चवीने सांगितली ती ‘द न्यूयॉर्कर’मधल्या झेवियर राइन यांच्या पत्रांनी. हे टोपणनाव. लिहिणारे होते फ्रान्सिस झेवियर मर्फी नावाचे अमेरिकन धर्मगुरू. आतल्या गोटातल्या माणसाची ही पत्रं आजही वाचनीय आहेत. पण त्यांच्या नाट्याला खलनायक हवा होता आणि ओत्तावियानी त्या भूमिकेत आयते बसले. इन्क्विझिशनचा वारसा सांगणाऱ्या ‘होली ऑफिस’चे प्रमुख, आणि बोधवाक्य ‘सेम्पर इडेम’, म्हणजे ‘सदैव तोच’!

ही प्रतिमा खोटी नव्हती. ज्याचा ध्वनिक्षेपक बंद झाला, त्याच्या कार्यालयाने कित्येकांना तो मिळूच दिला नव्हता. धर्मस्वातंत्र्यावर लिहिणारे अमेरिकन जेझुइट जॉन कोर्टनी मरे यांना पन्नाशीच्या दशकात त्या विषयावर लेखणी खाली ठेवावी लागली. कार्ल राहनर यांचं लेखन छापण्याआधी रोमकडून तपासून घ्यावं, असा आदेश परिषदेच्या तोंडावर निघाला. ओत्तावियानींच्या मते हक्क सत्याला असतात, चुकीला नाहीत. कॅथलिक देशात इतर धर्मांना फार तर सहन करावं, समान स्वातंत्र्य देऊ नये. याच विचाराला नाकारून डिसेंबर १९६५मध्ये परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत केला. तो घडवण्यात मरे यांचा मोठा हात होता. हे झालं ते योग्यच झालं, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

अडचण आहे ती दुसऱ्या टाळीची. ऑक्टोबर १९६५मध्ये, त्याच सभागृहात, ओत्तावियानी युद्धावर बोलले. आधुनिक शस्त्रं सैनिक आणि सामान्य माणूस असा भेद करत नाहीत; त्यामुळे न्याय्य युद्धाच्या जुन्या अटी आता पाळल्याच जाऊ शकत नाहीत; म्हणून युद्ध पूर्णपणे निषिद्ध मानावं, असा त्यांचा युक्तिवाद. या वेळी टाळ्यांचा कडकडाट झाला तो त्यांच्यासाठी.

म्हातारपणी माणूस बदलला, असं म्हणून आपल्याला सुटता आलं असतं. पण तसं नव्हतं. हाच निष्कर्ष त्यांच्या चर्च-कायद्याच्या १९४७च्या पाठ्यपुस्तकात होता. मरे यांना गप्प करणारा आणि युद्ध नाकारणारा तर्क एकाच डोक्यातून, एकाच शिस्तीतून आला होता. तत्त्वाला मुरड घालायची नाही, मग समोर प्रॉटेस्टंट असो की सेनापती. ‘सदैव तोच’चा हा अर्थ राइन यांच्या नाट्यात मावत नाही.

हे ओत्तावियानी रोमच्या त्रास्तेवेरे या कष्टकऱ्यांच्या वस्तीत १८९०मध्ये जन्मले. वडील बेकरीत मजूर आणि हे बारा भावंडांतले अकरावे. कुटुंबनियोजनावरच्या चर्चेत त्यांनी स्वतःच ही हकीकत सांगितली. गरिबीतही आईवडिलांनी भरवसा सोडला नाही, असा त्यांचा रोख. या प्रश्नावर मी त्यांच्या विरुद्ध बाजूला आहे, पण हा माणूस गरिबी पुस्तकातून शिकला नव्हता, एवढं तरी मान्य करावं लागतं.

१९७९मध्ये ते वारले. त्यांचे विरोधक जिंकले, आणि जिंकायलाच हवे होते. तरी पहिल्या टाळीत मी आता सामील होऊ शकत नाही. ओत्तावियानींचा मुद्दा खोडायला माणसं समर्थ होती आणि पुढच्या तीन वर्षांत त्यांनी तो खोडलाही. त्या दिवशी मात्र टाळी युक्तिवादाला पडली नाही. एक जवळपास आंधळा माणूस गप्प झाला, याला पडली. माणसांना गप्प करण्याची हीच तर होली ऑफिसची रीत होती.